अण्णांच्या दहाव्याचा रिटेक

तीन तास झाले तरी पिंडाला कावळा शिवत नव्हता, आणि ज्यांच्या नावाचा पिंड होता ते आमचे अण्णा दहा पावलांवर खुर्ची टाकून चहा पीत बसले होते.

“साखर कमी आहे रे,” ते म्हणाले.

स्वतःच्या दहाव्याला चहाला नावं ठेवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, पुढेही पाहिला नाही. मी संगम माहुलीच्या घाटावर ओला पंचा नेसून, डोक्याचा चकोट करून आणि मिशा उतरवून हात जोडून उभा होतो. पुढ्यात केळीच्या पानावर भाताचा पिंड, वर काळे तीळ. पिंपळावर शंभरेक कावळे, आणि त्यांतला एकही खाली उतरायला तयार नव्हता. एरवी याच घाटावर पान ठेवून माणूस दोन पावलं मागं सरतो न सरतो तोच पिंड उचललेला असतो. माहुलीचे कावळे फार मानी नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी मनावर घेतलं होतं.

“कट,” यान म्हणाला.

यान म्हणजे आमचा दिग्दर्शक, मुक्काम पोस्ट बेल्जियम. सहा फूट उंच, लाल नाक, आणि कायम हसू दाबल्यासारखा चेहरा. सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत तो पाच माणसं आणि वीस पेट्या घेऊन साताऱ्यात उतरला. सिनेमा एकच, पण त्यात गोष्टी पाच, पाच देशांतल्या. प्रत्येक गोष्टीत एक मेलेला माणूस आणि त्याचे नातेवाईक. एकीत प्रेत भलत्याच घरी पोचतं आणि ती माणसंही रडून घेतात. दुसरीत सुतक धरलेले भाऊ शवपेटीवरच पत्ते कुटतात. एकूण काय, मरणाची थट्टा. युरोपातल्या लोकांना हसायला मरण लागतं. आपल्याकडे दुसऱ्याचं लग्न पुरतं.

चौथी गोष्ट आपली. म्हातारा मरतो, दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नाही, म्हणजे म्हाताऱ्याची काहीतरी इच्छा राहिली आहे. मग मुलगा एकेक वचन देत सुटतो. घर देतो, जमीन देतो, बायकोचे दागिने देतो, शेवटी अंगावरच्या पंचापर्यंत येतो, तेव्हा कुठे कावळा उतरतो. यानला ही प्रथा कुठल्याशा पुस्तकात सापडली होती आणि त्याच्या मते ती जगातली सगळ्यांत विनोदी गोष्ट होती. “मेलेल्या माणसाशी घासाघीस!” असं म्हणून तो मांडीवर थाप मारायचा.

म्हातारा त्याला घाटावरच सापडला. कोर्टात पस्तीस वर्षं बेंच क्लार्क राहिलेला माणूस निश्चल बसायचं शिकून घेतो. अण्णा रोजच्यासारखे पायरीवर बसले होते. यानने पंधरा मिनिटं त्यांच्याकडे पाहिलं आणि दुभाषी बाईंना विचारलं, “हा जिवंत आहे ना?”

या दुभाषी म्हणजे पुण्याच्या पद्मजा नगरकर. चार भाषा येत आणि चारही भाषांत त्या स्पष्टच बोलत. त्यांनी येऊन विचारलं, “आजोबा, सिनेमात मरणार का?”

“किती दिवस?” अण्णा म्हणाले.

घरी येऊन त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी अर्थातच नाही म्हणालो. अण्णा जिवंत असताना त्यांची तिरडी बांधायची? लोक काय म्हणतील? त्यात साहेबाला मुलगाही खराच हवा होता, आणि क्षौरही खरंच. बाप जिवंत असताना मिशा उतरवायच्या! माझी बायको उषा हे ऐकून पोरांना घेऊन कराडला माहेरी गेली आणि जाताना म्हणाली, “परत उगवल्या की कळवा.”

“वामन,” अण्णा म्हणाले, “मी पिक्चरमध्ये दिसलो तर शकू बघेल.”

“कोण?”

“तुझी बहीण. का विसरलास?”

विसरलो नव्हतो. आमचं आडनाव अष्टपुत्रे असलं तरी अण्णांना अपत्यं दोनच, आधी शकूअक्का आणि नंतर मी. अक्का चौऱ्याहत्तर साली इचलकरंजीच्या दत्तू कोष्ट्याबरोबर निघून गेली. दत्तू टुरिंग टॉकीजमध्ये मशीन चालवायचा. माहुलीच्या जत्रेत त्याचा तंबू लागला, अक्का तीन दिवस एकच सिनेमा बघायला गेली, आणि चौथ्या दिवशी तंबूही नव्हता आणि अक्काही नव्हती. अण्णांनी मग जे त्या काळी करत ते केलं. घाटावर गेले, जिवंत मुलीच्या नावानं आंघोळ केली, घरी आले आणि म्हणाले, “संपलं.”

संपलं वर्षभर. पुढच्या दिवाळीत फराळाच्या ताटावरून त्यांनी मला विचारलं, “शकूचं काही पत्रबित्र?”

“नाही,” मी म्हणालो.

दर दिवाळीला त्यांनी विचारलं आणि दर दिवाळीला मी नाही म्हणालो. आपण होऊन लिहायला त्यांना पत्ता ठाऊक नव्हता आणि अभिमान तर ठाऊक होताच. आणि आता त्यांनी डोक्यात घेतलं होतं की हा बेल्जियमचा सिनेमा फिरत फिरत दत्तूच्या मशीनवर चढेल, पडद्यावर अण्णा दिसतील, आणि शकू धावत माहुलीला येईल. मी गणिताचा मास्तर. या गोष्टीची शक्यता मी मनात काढली, ती शून्य आली, म्हणून मी हो म्हणालो.

आदल्या दिवशी अण्णांना जाळून झालं होतं. म्हणजे तिरडीवरून ते स्वतः गेले आणि चितेवर त्यांच्या जागी धोतर नेसवलेलं गवताचं बाहुलं चढवलं. अण्णा बाजूला उभे राहून म्हणाले, “लाकडं ओली आहेत, धूर फार होतोय.” मेल्यापासून त्यांच्या तक्रारी वाढल्या होत्या.

पण दहाव्याला गाडी अडली, आणि ती अडली यानच्या शहाणपणामुळे. त्याने ब्रसेल्सहून पेंढा भरलेला एक कावळा आणला होता. सकाळी कॅमेऱ्याचं भिंग जुळवायला म्हणून त्यानं तो पिंडाशेजारी मांडला. झालं! पिंपळावर जो आकांत उठला तो विचारू नका. आमचे किरवंत गुंडोपंत धावत आले.

“साहेबाला सांगा, हे काय केलंत? मेलेला कावळा दिसला की त्यांची शोकसभा सुरू होते. आता ते खाली उतरायचे नाहीत.”

“किती वेळ?” पद्मजाबाईंनी विचारलं.

“ते कावळ्याच्या मानण्यावर. नाहीतर दर्भाचा कावळा करून लावतो पिंडाला. शास्त्रात सोय आहे.”

यानला गवताचा कावळा नको होता. पेंढ्याचा चालत होता, पण दर्भाचा नको. त्याला खराच पाहिजे होता, तोही उजव्या बाजूने येणारा.

आता माझी गंमत ऐका. यानने मला लिहिलेले संवाद दिलेच नव्हते. पद्मजाबाईंकरवी त्यानं सांगितलं, “मनाला येईल ते वचन दे. मराठी तिकडं कुणाला कळतं? खाली आम्ही आमच्या भाषेत अक्षरं टाकू.” त्यामुळे तीन तास मी मनाला येईल ते बोलत होतो.

“अण्णा, पडवी दुरुस्त करतो.”

कावळा ढिम्म.

“अण्णा, तुमची सागवानी खुर्ची मोडीत काढणार नाही.”

“खोटं बोलतोय!” अण्णा लांबून ओरडले. “गिऱ्हाईक बघून ठेवलंय त्यानं!”

“कट,” यान म्हणाला. पण त्याचे खांदे हसून हलत होते.

“यजमान,” गुंडोपंत हळू आवाजात म्हणाले, “सिनेमा असो की नाटक, पिंड पिंड असतो. मंत्र मी खरे म्हटलेत, मला खोटे येतच नाहीत. जाणाऱ्याच्या मनात काय राहिलं असेल ते बोला. खुर्च्याबिर्च्या काय सांगता?”

“जाणारा चहा पितोय, गुंडोपंत.”

“म्हणून काय झालं? जिवंत माणसाला इच्छा नसते काय?”

साडेबाराला यानचं हसू संपलं. त्याने घड्याळ पाहिलं, फिल्मचे डबे मोजले आणि पद्मजाबाईंशी बराच वेळ बोलला. त्या आमच्याकडे आल्या. “एकच रीळ उरलंय. त्यात कावळा आला तर आला. नाहीतर भारताची गोष्ट गाळून चारच गोष्टींचा सिनेमा करायचा म्हणतोय.”

“म्हणजे मी दिसणार नाही?” अण्णांनी विचारलं.

“नाही, आजोबा.”

अण्णांनी कप खाली ठेवला. तिरडीवर पडलेले असतानासुद्धा त्यांचा चेहरा इतका उतरला नव्हता. ते माझ्याजवळ आले, माझ्या बोडक्या डोक्यावर हात ठेवला. असा हात त्यांनी मुंजीनंतर ठेवला नव्हता.

“वामन, काहीतरी कर रे. माझं आता वय काय, तिचं काय. एवढं एक तिला दिसू दे. बाप मेलेला दिसला तरी चालेल, पण दिसू दे.”

आणि ते देवळाच्या कोपऱ्याआड गेले. तिथं लूक नावाचा टकलू ध्वनिमुद्रक आपलं यंत्र मांडून बसला होता. सकाळपासून अण्णांना त्याच्या कानाला लावायच्या हेडफोनचं वेड लागलं होतं. लूककडे एक जास्तीचा होता. माझ्या पुढ्यात, दर्भाच्या जुडीत, त्याने एक बारका मायक्रोफोन लपवला होता. “वामन, तुझ्या पोटातला गुडगुडाट ऐकू येतोय!” असं सकाळी अण्णा आनंदानं ओरडले होते. या सगळ्याचा मला त्या क्षणी साफ विसर पडला. ते डोळ्यांआड गेले तेव्हा मला वाटलं ते तोंड लपवून बसायला गेले.

“ॲक्शन,” यान म्हणाला.

मी हात जोडले. समोर पिंड. डोक्यावर ऊन. कॅमेऱ्याची घरघर.

“अण्णा, अक्काला घरी आणतो,” मी म्हणालो.

पिंपळावरचा कलकलाट जरा कमी झाला. एक कावळा खालच्या फांदीवर उतरला आणि मान वाकडी करून माझ्याकडे बघू लागला. मी शकुन-अपशकुन मानत नाही. वर्गात पोरांना सांगतोही की असलं काही नसतं. पण त्या कावळ्याच्या नजरेसमोर मला लाज वाटली. लाज म्हणजे अगदी लाज, अंगावर कपडे नसल्यासारखी, आणि तसे ते फारसे नव्हतेच. माझ्या बापाला बेल्जियमचा साहेब, गवताचं बाहुलं आणि स्वतःची तिरडी एवढा खटाटोप करावा लागत होता. का, तर पोरीनं एकदा बघावं म्हणून. आणि ते कुणामुळे, हे त्या घाटावर फक्त मला माहीत होतं.

मराठी तिकडं कुणाला कळतं? मी आवाज अगदी खाली आणला.

“अण्णा, अक्काची पत्रं येत होती. दर दिवाळीला एक. पोस्टमन गल्लीतली सगळी पत्रं शाळेत माझ्या हातात द्यायचा. पहिलं मी दडवलं, कारण माझं लग्न ठरत होतं. उषाच्या वडिलांना अक्का म्हणजे कोण हे सांगितलंच नव्हतं. म्हटलं, लग्न झालं की देऊ. मग पहिलं का दडवलं हे सांगावं लागलं असतं म्हणून दुसरं दडवलं. अशी अकरा झाली. माझ्या ट्रंकेत तळाशी आहेत.”

कावळा एक फांदी खाली आला.

“अकराव्यात तिनं लिहिलं होतं, की उत्तर येवो न येवो, या भाऊबीजेला पोरांना घेऊन येते, अण्णांच्या पाया पडते. मग मी तिला कार्ड टाकलं.” आता थांबणं जमेना. “लिहिलं, की अण्णा गेले. सगळं पार पडलं. तू या घराची पायरी चढू नयेस अशी त्यांची शेवटची इच्छा होती.”

कावळा उतरला. पिंडाला चोच लावली, एक मोठा घास उचलला आणि उडून गेला.

“कट!” यान ओरडला. टाळ्या पडल्या. लूकचा मदतनीस शिट्टी वाजवून नाचला. गुंडोपंतांनी डोळे मिटून नमस्कार केला. आणि देवळाच्या कोपऱ्याआडून अण्णा आले. कानांवर हेडफोन तसेच होते आणि वायर मागे ताणली गेली होती. लूक यंत्र धरून त्यांच्यामागून जवळजवळ फरपटत येत होता.

मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला सगळं कळलं.

यान नाराज होता. पद्मजाबाईंचा चेहरा पांढरा पडला होता, त्या दगडावर बसून सगळं ऐकत होत्या. पण काम ते काम. त्या म्हणाल्या, “तो म्हणतोय, कावळा डावीकडून आला. रीळ अजून थोडं उरलंय. पुन्हा घ्यायचं का?”

“घ्यायचं,” अण्णा म्हणाले.

“अण्णा...”

“घ्यायचं. मला शेवटचं नीट ऐकू आलं नाही. पुन्हा म्हण.”

“अण्णा, चुकलं माझं.”

“ते तू म्हणाला नाहीस मघाशी. मघाशी म्हणालास तेच म्हण. साहेबाला तेच हवंय.”

कॅमेरा सुरू झाला. मी पुन्हा म्हटलं. अकरा पत्रं, लग्न, ट्रंक, कार्ड. अण्णा आता कॅमेऱ्याच्या शेजारीच उभे होते.

“मोठ्यानं,” ते म्हणाले.

मी मोठ्यानं म्हटलं. घाटावर कपडे धूत असलेल्या दोन बायका धुणं थांबवून उभ्या राहिल्या. सातारा-माहुलीत जे तेरा वर्षं कुणाला कळू दिलं नव्हतं ते मी फिल्मवर, आवाजासकट, ओरडून सांगितलं. कावळा आला नाही. त्याचं काम झालं होतं. रीळ संपेपर्यंत मी बोलत राहिलो आणि यान समाधानानं मान डोलावत राहिला. त्याला वाटलं, काय नट आहे!

अण्णांनी हेडफोन काढले, वायर नीट गुंडाळली आणि लूकच्या हातात दिली.

“कार्ड कुठल्या साली टाकलंस?”

“चौऱ्याऐंशी. दिवाळीच्या आधी.”

“म्हणजे अडीच वर्षं झाली मला जाऊन.” ते पद्मजाबाईंकडे वळले. “साहेबाला विचारा, माझं काम संपलं का?”

त्यांनी विचारलं. यान हसला आणि म्हणाला, तुम्हाला तर कालच जाळलं.

“मग मी निघतो.”

“कुठं?” मी विचारलं.

“पत्ता सांग.”

मी सांगितला. अकरा पाकिटांच्या पाठीवर वाचलेला पत्ता मला पाठ होता. अण्णा चार पायऱ्या चढले, थांबले, मागे वळले.

“वामन, तू मला दोनदा मारलंस. एकदा कार्डावर आणि एकदा इथं. तिसऱ्यांदा मी खरा जाईन. तेव्हा तू हात लावायचा नाहीस.”

त्यांनी ना पिशवी घेतली, ना घरी येऊन कपडे बदलले. कपाळावर सिनेमातला बुक्का तसाच होता. तशाच अवतारात ते एसटीत बसले. कंडक्टरनं काय समजून तिकीट फाडलं असेल देव जाणे.

पुढचं मला दत्तूच्या पत्रावरून कळलं. त्यानं मला आयुष्यात लिहिलेलं ते एकच पत्र. शिव्या नव्हत्या त्यात. असत्या तर बरं झालं असतं.

अण्णा संध्याकाळी इचलकरंजीला पोचले. दार अक्कानं उघडलं, किंकाळी फोडली आणि परत लावून घेतलं. तिचाही इलाज नव्हता. माझं कार्ड मिळाल्यावर तिनं पंचगंगेच्या घाटावर अण्णांचा दहावा केला होता, माहेरची पायरी बंद म्हणून परस्पर. त्या दिवशीही पिंडाला कावळा शिवला नव्हता. सकाळपासून दिवस कलेपर्यंत ती हात जोडून उभी होती. ‘चुकले, क्षमा करा’ असं शंभरदा म्हणाली. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा लावून सुटका केली. तेव्हापासून ती धरून चालली होती की बाप आपल्यावर राग धरूनच गेला. अडीच वर्षं तिनं दिवाळी केली नव्हती, तळणीची कढईसुद्धा चढवली नव्हती.

“शकू, मी आहे,” अण्णा बाहेरून म्हणाले. “अण्णा.”

दाराच्या फटीतून आवाज आला.

“तुमचा राग गेला का?”

“केव्हाच गेला.”

“मग तेव्हा कावळा का शिवला नाही?”

“मी जिवंत होतो गं,” अण्णा म्हणाले.

दत्तूनं लिहिलं होतं की त्यानंतर तिनं दार उघडलं. एवढंच. पुढचं त्यानं लिहिलं नाही आणि मला विचारायचा अधिकार नव्हता.

अण्णा परत आले नाहीत. ट्रंकेतली अकरा पत्रं मी रजिस्टरनं पाठवली, पोच आली, उत्तर आलं नाही. उषा कराडहून परतली. तिला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “माझ्या वडिलांचं नाव घेतलंत? त्यांना अक्काचं लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. तुम्ही सांगत नाही म्हणून ते गप्प बसले.” म्हणजे अकरा पत्रं मी कुणापासून लपवत होतो तेही कळेनासं झालं.

दोन वर्षांनी पद्मजाबाईंनी सिनेमाची व्हिडिओ कॅसेट पाठवली. सोबत चिठ्ठी होती. “चौथी गोष्ट तिकडे सगळ्यांत जास्त गाजली. कार्डाचं वाक्य आलं की थिएटर हसून लोटपोट होतं. मी भाषांतर जसंच्या तसं केलं. माफ करा, त्याहून विनोदी काही सुचलं नाही.” मी कॅसेट एकदाच पाहिली. माझ्या तोंडून मराठी येत होतं आणि खाली फ्रेंच अक्षरं पळत होती. कावळा डावीकडूनच आला होता. मग मी ती कॅसेट इचलकरंजीला पाठवून दिली. सिनेमा दत्तूच्या हाती पडावा ही अण्णांची इच्छा होती, तेवढी एक मी पुरी केली. अर्थात तोवर तिची गरज उरली नव्हती.

त्र्याण्णव साली दत्तूचा फोन शाळेत आला. अण्णा झोपेत गेले, पहाटे. मी पोचेपर्यंत अग्नी देऊन झाला होता. अक्कानं दिला. ती आतल्या खोलीतून बाहेर आली नाही, मी दारातूनच परतलो. दहाव्याला मी पुन्हा गेलो. पंचगंगेच्या घाटावर न्हावी बसला होता आणि त्याच्यासमोर दत्तू आणि अक्काचे दोन्ही मुलगे रांगेत होते. मीही त्यांच्या मागे जाऊन बसलो. दत्तू हळूच म्हणाला, “कॅसेट दर दिवाळीला लावायला सांगायचे. तिरडी, चिता सगळं बघायचे, लाकडं ओली होती म्हणायचे. कावळ्याचं आलं की म्हणायचे, बंद कर आता, पुढचं तोंडपाठ आहे.”

माझी पाळी आली. न्हाव्यानं वस्तरा उचलला आणि विचारलं, “हे कोण?”

अक्का पायरीवर उभी होती. एकोणीस वर्षांनी मी तिला पाहत होतो. तिचे केस पार पिकले होते. ती माझ्याकडे पाहून अगदी शांतपणे म्हणाली, “त्याचं राहू दे. त्याचं करून झालंय.”

न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला. मी उठून लोकांत जाऊन उभा राहिलो. अक्कानं पान ठेवलं. आता ती काहीतरी बोलेल, काहीतरी वचन देईल, आणि त्यात कदाचित माझंही नाव येईल, असं मला वाटत होतं. पण ती मागं सरण्याआधीच कावळा आला आणि पिंड घेऊन गेला. अण्णांचं काही राहिलं नव्हतं.

सगळे आंघोळीला पाण्यात उतरले. मी काठावर उभा राहिलो, मिशा तशाच घेऊन.